मशाल घेऊन दारूकोठारात कोणी शिरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील काल्पनिक सैन्ये आणि त्यांची अस्त्रे यांविषयी जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. लेख मन लावून लिहिलेला आहे आणि मराठीत या विषयाकडे कोणी गांभीर्याने पाहत आहे याचे समाधानही वाटले. तथापि लेखातील एका विधानाला आणि लेखासोबत छापलेल्या चित्राला हरकत घेतल्यावाचून राहवत नाही. विधान असे की, ज्या जगात ड्रॅगन उडतात आणि मांत्रिक बोटांतून वीज सोडतात, त्या जगातील सैन्याच्या स्फोटक अस्त्रांचा हिशेब विचारणे हा निव्वळ अरसिकपणा आहे. चित्रात एका किल्ल्याचे तळघर आहे, त्यात छताला भिडतील अशी रचलेली बंदुकीच्या दारूची पिंपे आहेत आणि पिंपांना रेलून एक दाढीवाला पहारेकरी उभा आहे. त्याच्या हातात पेटती मशाल आहे.

मी ३१ वर्षे दारूगोळा बनविणाऱ्या एका सरकारी कारखान्यात नोकरी केली. ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ (स्फोटके हाताळली जातात त्या इमारतीतला कामगार), म्हणजे आमच्या तोंडचा ‘डीबीडब्ल्यू’, म्हणून लागलो आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. फाटकावर रोज झडती व्हायची. काड्यापेटी, विडी, पुढे मोबाइल, सगळे बाहेर ठेवूनच आत जायचे. आजही कुठल्या मंगल कार्यालयाच्या फाटकातून शिरताना माझा हात आधी खिसा चाचपतो, त्यावरून घरात माझी चेष्टा होते. आमच्या प्रत्येक डेंजर बिल्डिंगच्या दारावर रंगाने दोन आकडे लिहिलेले असत: आत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे आणि जास्तीत जास्त किती किलो माल. आकड्यापेक्षा एक माणूस जास्त झाला तर शेवटी आलेल्याने बाहेर थांबायचे, मग तो साहेब का असेना. तेव्हा त्या मशालीकडे पाहून माझ्या पोटात गोळा आला, हे मी गमतीने लिहीत नाही.

लेखकाचे म्हणणे जसेच्या तसे उलटे करून मांडावे, असे मला वाटते. जादूमुळे स्फोटक अस्त्रांचा हिशेब सुटत नाही, उलट तो अधिक कठीण होतो. शत्रूकडे आग फेकणारा प्राणी किंवा वीज पाडणारा माणूस असेल, तर माझ्या सैन्यातील दारूची प्रत्येक गाडी हे माझे शस्त्र राहतच नाही. ते मी शत्रूसाठी वाहून आणलेले शस्त्र होते. सेनापतीची झोप नेमकी येथे उडायला हवी, आणि बहुतेक कथांमध्ये तो येथेच निश्चिंत घोरत असतो.

यासाठी कल्पनेत जायचीही गरज नाही. पुण्यातील निम्मे लोक पिठलं-भाकरीसाठी सिंहगडावर जातात आणि पुणे दरवाजातून वर आल्यावर उजव्या हाताला दिसणाऱ्या दगडी इमारतीपाशी फोटो काढतात. ते गडाचे दारूकोठार. ११ सप्टेंबर १७५१ रोजी या कोठारावर वीज पडली आणि झालेल्या स्फोटात गडाच्या फडणिसाचे घर आतल्या माणसांसकट नाहीसे झाले. कोणी शत्रू आला नव्हता, वेढा पडला नव्हता, भाद्रपदातले आभाळ तेवढे फुटले. पुढे १७६९ मध्ये इटलीतील ब्रेशिया शहरात साठवलेल्या दारूवर अशीच वीज पडून शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. जी गोष्ट निसर्ग चुकून करतो, ती मांत्रिक ठरवून करणार नाही काय? पाचशे पानांच्या ग्रंथात वीज पाडणारा मांत्रिक समोरासमोरच्या रणात एकेक स्वार टिपत बसतो आणि तटामागच्या कोठाराकडे त्याचे लक्षच जात नाही, असे वाचले की मला त्या मांत्रिकाच्या बुद्धीची कीव येते.

रणांगणावरचा दाखला हवा असेल तर १७८० मधील कांचीपुरमजवळच्या पोल्लिलूरच्या लढाईचा घ्यावा. हैदर आणि टिपू यांच्या फौजेने कर्नल बेलीच्या इंग्रज तुकडीला वेढले. बाणांच्या आणि तोफांच्या माऱ्यात इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाड्या उडाल्या आणि तेथेच लढाईचे पारडे फिरले. येथे बाण म्हणजे धनुष्याचा नव्हे, तर लोखंडी नळीत दारू ठासून सोडायचा अग्निबाण. मराठी फौजांतही तो होता. टिपूच्या बाणांचे नमुने इंग्लंडला गेले आणि त्यांवरून काँग्रीव्ह या इंग्रजाने आपली रॉकेटे घडवली, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण त्या गाड्या उडाल्या नसत्या तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

लेखात दोन इंग्रजी कादंबऱ्यांचा ओझरता उल्लेख आहे. त्या दोन्ही मी अनुक्रमे मुलामुळे आणि नातवामुळे वाचल्या. दोन्ही लेखकांनी हा हिशेब ठेवलेला आहे आणि त्यामुळेच त्यांची अस्त्रे लक्षात राहतात, असे माझे मत आहे.

टोल्किन यांच्या ‘द टू टॉवर्स’ (१९५४) मध्ये हेल्म्स डीप या किल्ल्याच्या वेढ्यात सारुमान या दुष्ट मांत्रिकाचे ऑर्क, म्हणजे राक्षसी सैनिक, तटाखालून वाहणाऱ्या ओढ्याच्या मोरीत शिरतात. किल्ला लढवणाऱ्यांपैकी गिम्ली हा बुटका योद्धा ती मोरी दगडांनी बुजवतो. तरीही रात्री उशिरा ते पुन्हा आत घुसतात आणि स्फोटाने तटाला खिंडार पडते. लक्षात घ्यावे की सारुमानकडे बंदुका नाहीत, तोफा नाहीत, प्रत्येक ऑर्काच्या कमरेला गोळे लटकलेले नाहीत. त्याच्याकडे आहे तो सुरुंग, आणि तोही तटाच्या दुबळ्या जागी. मराठी वाचकाला हे दृश्य परके वाटू नये. १६६० साली शायिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. हा भुईकोट किल्ला फिरंगोजी नरसाळा याने सुमारे पंचावन्न दिवस झुंजवला. अखेरीस मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग खणून त्यात दारू भरली आणि १४ ऑगस्टला बुरुज उडवला. किल्ला पडला तो त्यानंतर. एवढ्या मोठ्या फौजेला पंचावन्न दिवस का लागले, याचे उत्तर सुरुंग खणण्याच्या कष्टात आहे. पावसाळ्यात, चिखलात, वरून मारा चालू असताना, माती टोपल्यांनी बाहेर काढत काढत बुरुजाच्या नेमके खाली पोहोचायचे.

टोल्किन पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समधील सोमच्या लढाईत ब्रिटिश सैन्यात सिग्नल अधिकारी होते. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला, ब्रिटिशांनी जर्मन खंदकांखाली मोठमोठे सुरुंग उडवले होते. टोल्किन यांनी त्यावरूनच हा प्रसंग रचला असे मी म्हणणार नाही. मात्र तट कशाने पडतो याची कल्पना ज्याला आहे त्याच्या हातून मोरी सुटत नाही, एवढे खरे.

येथे एक तक्रारही नोंदवतो. पुस्तकावरून निघालेल्या चित्रपटात मोरीत दोन काटेरी गोळे ठेवतात आणि एक ऑर्क मशाल घेऊन धावत जातो. क्षणार्धात तटाच्या चिंधड्या होतात. बंदुकीच्या दारूचा गुण असा की ती उघड्यावर ठेवून पेटवली तर ‘फुस्स’ करून धूर सोडते, दिवाळीत सुतळी बॉम्ब सोडवून त्यातली दारू कागदावर पेटवण्याचा उद्योग ज्यांनी केला, त्यांना हे ठाऊक असेल (तो उद्योग करू नये, माझ्या एका मित्राच्या भुवया महिनाभर आल्या नव्हत्या). दारूला जोर येतो तो कोंडल्यामुळे. दोन्ही बाजूंनी मोकळ्या असलेल्या मोरीत स्फोटाचा बराचसा जोर तोंडांतून निघून जाणार. म्हणून सुरुंग लावणारे दारू भरल्यावर मागची वाट माती-दगडांनी ठासून बंद करीत आणि वात तेवढी बाहेर काढीत. सारुमानची ‘आग’ साधी दारू नसून जादूची होती असे कोणी म्हणेल, तर मी वाद घालणार नाही. पण मग गिम्लीने बुजवलेले ते दगड उपसून टाकण्याऐवजी ठासणीसाठी वापरले असते, तर आम्हा कारखान्यातल्या लोकांनी त्या ऑर्काला सलाम ठोकला असता.

दुसरे पुस्तक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचे ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’ (१९९८). त्यातील ‘वाइल्डफायर’ हा हिरवा द्रव काटेकोरपणे पाहिला तर स्फोटकापेक्षा ज्वालाग्राही पदार्थांत मोडतो, तरीही माझ्या दृष्टीने या प्रकारच्या साहित्यातील दारूगोळ्याचे सर्वांत जाणते वर्णन तेच आहे. ते आवडण्याचे कारण लढाईतला हिरवा आगडोंब नव्हे, त्याआधीची कोठाराची भेट आहे. राजधानीचा कारभार पाहणारा टिरियन किमयागारांच्या तळघरात जातो, तेव्हा त्याला कळते की जेथे हा द्रव बनतो त्या प्रत्येक खोलीच्या वर वाळूने भरलेली एक खोली आहे. खाली आग लागली तर मधली जमीन निखळते आणि सगळी वाळू आगीवर कोसळते. काम करणारा माणूस त्याच वाळूखाली गाडला जातो, हे सांगायलाच नको. हे वाचताना मी पुस्तक मांडीवर उपडे ठेवले. आमच्याकडे डेंजर बिल्डिंगच्या भिंती भक्कम आणि छप्पर मुद्दाम हलके असे, म्हणजे स्फोट झालाच तर जोर वरून निघून जावा आणि शेजारची इमारत वाचावी. दोन इमारतींच्या मध्ये मातीचे उंच बांध, ज्यांना आम्ही ‘ट्रॅव्हर्स’ म्हणत असू. या सगळ्या रचनेत आतल्या माणसाला वाचवण्याची तजवीज नव्हती. तजवीज होती ती एका खोलीतला अपघात एका खोलीतच ठेवण्याची. मार्टिन यांनी काल्पनिक शहराच्या तळघरात तोच हिशेब मांडला आहे, आणि त्यावर जादूचा लेप दिला तरी तो ओळखू येतो.

त्याच प्रकरणात जुन्या मडक्यांची गोष्ट आहे. आधीच्या राजाच्या काळातली, फळांच्या आकाराची मडकी सापडतात आणि किमयागार बजावतो की जुना माल अधिक लहरी असतो, ठिणगीच काय, नुसती उष्णताही त्याला पुरते. हे शंभर टक्के खरे आहे. जुना डायनामाइट ‘घामतो’, म्हणजे त्यातले नायट्रोग्लिसरीन बाहेर झिरपून कांडीवर थेंब धरते, आणि मग त्या पेटीला हात लावायलाही जाणता माणूस धजत नाही. म्हणूनच प्रत्येक पेटीवर लॉट नंबर आणि तारीख लागते. जाता जाता फळांविषयी सांगतो: ग्रेनेड हे नावच डाळिंबावरून पडले आहे, कारण जुने हातगोळे आकाराने तसे दिसत. आपल्याकडे पोकळ गोळ्यात दारू भरून फेकायच्या प्रकाराला ‘कुलपी गोळा’ म्हणत. हा शब्द किती नेमका आहे! आज नवे लिहिणाऱ्यांनी ‘अग्निगोल’, ‘ज्वालास्फोटक’ असे जड शब्द पाडण्याआधी जुन्या बखरी आणि पत्रे चाळली, तर कुलपी गोळा, गरनाळ, जेजाला, पलिता, सोरा असे तयार शब्द हाताशी येतील.

टिरियन आणखी एक शहाणपणा करतो. खरा द्रव शिपायांच्या हाती देण्याआधी तो हिरवा रंग भरलेली मडकी त्यांना हाताळायला लावतो. आमच्याकडे नवीन कामगाराला आधी कित्येक दिवस रिकाम्या खोक्यांवर आणि वाळू भरलेल्या नमुन्यांवरच राबवत. माल हातात आला तेव्हा हात थरथरत नसत.

हे इंग्रजी पुस्तकांचे कौतुक झाले. पण आपल्या परंपरेलाही हिशेब ठाऊक होता. महाभारतात अश्वत्थाम्याला ब्रह्मास्त्र सोडता येते, मागे घेता येत नाही. अर्जुनाला दोन्ही येते. नारद आणि व्यास मध्ये पडतात, अर्जुन अस्त्र आवरतो, अश्वत्थाम्याला आवरत नाही आणि तो ते उत्तरेच्या गर्भावर वळवतो. अस्त्राला शिक्षण लागते, अधिकार लागतो आणि अर्धवट शिकलेल्याच्या हाती ते गेले तर काय होते, हे सगळे त्या एका प्रसंगात आहे. लाक्षागृहाचा प्रसंग तर माझ्या धंद्याच्या आणखी जवळचा. तूप, लाख, राळ, ताग कालवून घर बांधले आहे, आणि युधिष्ठिराला ते कळते कशावरून, तर वासावरून. मग विदुराने पाठवलेला खणणारा येतो आणि आतल्या आत भुयार काढतो. कच्चा माल, त्याचा वास, कारागीर, पळवाट: एकही दुवा सुटलेला नाही. व्यासांनी हिशेब मांडला म्हणून कोणी त्यांना अरसिक म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता नातवाविषयी. तो अकरावीत आहे आणि स्वतःचे एक जग रचतो आहे. वहीत नकाशा आहे, नद्यांना नावे आहेत, दोन राजघराणी आहेत. त्याच्या राजाच्या सैन्यात दहा हजार पायदळ आणि प्रत्येकाजवळ पाच कुलपी गोळे (हा शब्द त्याने माझ्याकडून उचलला). मी विचारले, एक गोळा केवढ्याचा? म्हणाला, किलोभर धरा. मग आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून गणित केले. पन्नास हजार किलो, म्हणजे पन्नास टन. घाटवाटेवर बैलगाडीला अर्धा टन ओझे धरले तर शंभर गाड्या, दोनशे बैल, आणि बैलांच्या वैरणीच्या गाड्या वेगळ्या. एका गाडीने दुसरी पेटवू नये म्हणून दोन गाड्यांत तीस मीटर अंतर ठेवायचे, तर रांग तीन किलोमीटर. “आजोबा, तुम्ही माझ्या अख्ख्या लढाईची वाट लावलीत,” असे म्हणून तो उठून गेला. दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

त्यात पुन्हा सोऱ्याचा, म्हणजे इंग्रजीतल्या सॉल्टपीटरचा, प्रश्न आहे, आणि माझ्या मते कल्पनेच्या जगासाठी सर्वांत समृद्ध जागा तीच आहे. बंदुकीच्या दारूत गंधक आणि कोळसा थोडा. वजनाने सुमारे तीन चतुर्थांश असतो तो सोरा. तो मिळतो गोठ्याच्या, तबेल्याच्या, जुन्या वस्तीच्या खारवलेल्या मातीतून. बिहारात नोनिया समाजाचे लोक ही माती गोळा करून, पाण्यात धुऊन, आटवून सोरा काढत आणि ईस्ट इंडिया कंपनी तो पाटण्याहून जहाजे भरून नेत असे. इंग्लंडात तर एके काळी राजाच्या परवान्यानिशी सोरा गोळा करणारे लोक येऊन लोकांच्या कबुतरखान्यांची आणि तबेल्यांची जमीन खणून नेत, आणि त्याविरुद्ध लोकांची मोठी ओरड होती. आपल्या घराची जमीन उकरायला आलेल्या राजाच्या माणसाशी भांडणारी एखादी म्हातारी ज्या अद्भुत कादंबरीत भेटेल, ती कादंबरी मी रांग लावून विकत घेईन. ड्रॅगनच्या गुहेतल्या जमिनीत किती सोरा सापडेल आणि तो आणायला कोण जाईल, हा विचार तर कोणालाच सुचलेला दिसत नाही.

चित्रकारांचा दोष मी मोठा मानत नाही. मशालीशिवाय तळघर अंधारे दिसणार, ही त्यांची अडचण खरीच आहे. पण तिचाही तोडगा जुन्या लोकांनी काढलेला होता. जुन्या लढाऊ जहाजांवर दारूच्या खोलीला लागून दिव्याची वेगळी कोठडी असे. मध्ये काचेची खिडकी, दिवा त्या बाजूला, दारू या बाजूला, आणि दिव्याकडे जाण्याची वाटही निराळी. आत काम करणाऱ्यांच्या पायात खिळ्यांचे जोडे नसत, हत्यारे लाकडाची किंवा तांब्याची असत. काचेतून येणारा तो अंधूक पिवळा उजेड, अनवाणी पहारेकरी आणि त्याच्या हातात लाकडी फावडे, असे चित्र काढले असते तर ते मशालीपेक्षा कितीतरी अधिक भीतिदायक झाले असते.

तिसऱ्या दिवशी नातू वही घेऊन आला. लढाई त्याने पुढच्या प्रकरणात ढकलली होती आणि मध्ये एक नवे प्रकरण घातले होते: शंभर गाड्यांची रांग रात्री घाट उतरते आहे, आकाशात काही उडते आहे का हे पाहायला दर दहा गाड्यांमागे एक माणूस मान वर करून चालतो आहे, आणि सदतिसाव्या गाडीचा एक बैल लंगडतो आहे. गाडीवानाचे नाव त्याने अजून ठरवलेले नाही. बैलाच्या नालाची दगडावर ठिणगी उडते का, असे त्याने मला विचारले. उडते, असे मी सांगितले. मग नाल काढून बैलाच्या खुरांना चामडे बांधले तर चालेल का, यावर आमची चर्चा चालू आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त डीबीडब्ल्यू, पुणे